गिअरची गाडी

फ्रँकफर्टच्या विमानतळावर गाडी भाड्याने घ्यायची, ऱ्हाइनच्या काठाकाठाने जायचं, वाटेत आवडेल त्या गावात मुक्काम करायचा आणि मग खाली ब्लॅक फॉरेस्टकडे वळायचं, हा बेत आमच्या ह्यांचा. मला विचारलं असतं तर मी टूरची बस म्हटली असती. बसमध्ये आपल्याला कोणी तरी बसवतं, उतरवतं, खायला घालतं. ह्या वयात मला तेवढंच पुरे होतं. पण बसचं नाव काढलं की ह्यांचा चेहरा बदलतो. "बसमधून फिरायला मी काय म्हातारा झालोय?" म्हणाले. सत्तरी उलटलेला माणूस हे म्हणाला आणि मी पासपोर्ट शोधायला घेतले.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. गाव सुरेख आहे, झाडं आहेत, तळी आहेत, देऊळ आहे, वाण्याकडे कढीपत्ता मिळतो. फक्त ह्यातलं काहीच चालत जाण्याच्या अंतरावर नाही. दूध संपलं तरी गाडी काढावी लागते. त्यामुळे इथे ज्याची गाडी सुटली त्याचं सगळंच सुटतं. तो मग कोणी नेलं तर जाणार आणि कोणी आणलं तर येणार. आमच्या ओळखीतल्या दोघातिघांचं असं झालेलं मी पाहिलं होतं, आणि ह्यांनीही पाहिलं होतं.

त्यातून ह्यांची गाडी म्हणजे गावाची गाडी. इथल्या विद्यापीठांत शिकायला पुण्याहून, नागपूरहून, सांगलीहून पोरं-पोरी येतात. पहिल्यांदा विमानतळावर उतरल्यावर त्यांना आणायला कोणी तरी जावं लागतं, आणि गेली कित्येक वर्षं ते कोणी तरी म्हणजे हे. एका पोराने दुसऱ्याला नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत ह्यांचा नंबर महाराष्ट्रभर पसरला. नाव कोणालाच माहीत नसतं, सगळ्यांसाठी हे नुसते 'काका'. ऑगस्ट आला की ह्यांच्या अंगात येतं. गाडी धुतात, मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या ठेवतात, मला डब्यात पोळीभाजी भरायला लावतात. पोर थकलेलं असतं, हे मात्र त्याला वाटेत बँक कुठली, फोन कुठला, थंडीचा कोट कुठून घ्यायचा हे सगळं सांगत आणतात. निवृत्त झाल्यापासून ह्यांना माणसांत धरून ठेवलं ते ह्याच कामाने.

म्हणूनच गेल्या वर्षी जे सुरू झालं ते बोलायचं कसं, हे मला कळेना. आधी आमचीच टपालपेटी आडवी झाली. मग गॅरेजमधून निघताना डावीकडचा आरसा तुटला. एकदा मी शेजारी बसलेली असताना डाव्या बाजूने सायकलवाला येत होता आणि हे सरळ निघाले. मी ओरडले म्हणून वाचला. प्रत्येक वेळी कारण तयार असायचं: पेटीच रस्त्याला चिकटून लावलीय, गॅरेजच अरुंद आहे, सायकलवाल्यांना शिस्त नाही. चूक माझी, असं मात्र कधी नाही. ह्यांच्या नाकावर माशी बसलेली चालत नाही, आणि मी चाळीस वर्षं ती माशी हाकलत आलेय.

मुलगा जर्सी सिटीला असतो. तो ट्रेनने कामावर जातो, स्वतः गाडी ठेवत नाही आणि मला गाडीबद्दल सल्ले देतो. "आई, धिस इज सीरियस. तू चावी काढून घे ना त्यांच्याकडून." काढून घे म्हणे. लहान मुलाच्या हातातली कात्री आहे का ती? मी म्हटलं, तू ये आणि काढ. तो म्हणाला, बाबा माझं ऐकणार नाहीत. मग माझं बरं ऐकतील.

एक गोष्ट सांगायला हवी. मला गाडी येत नाही असं नाही. औषधांच्या कंपनीत नोकरी होती तेव्हा मी रोज हायवेवरून एकटी जात-येत होते, पावसात, बर्फात. पण दोघं बरोबर निघालो की मी उजवीकडच्या सीटवर. असं कोणी ठरवलेलं नाही, पण आमच्या पिढीच्या बहुतेक घरांत तसंच आहे. बाकीच्या बायकांना निदान पार्टीहून परतताना चावी मिळते, कारण नवऱ्यांची घेऊन झालेली असते आणि तेव्हा बायकोने चालवण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आमचे हे घेत नाहीत, त्यामुळे माझी तीही संधी गेली.

सहल रद्द करायची तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायची माझी ताकद नव्हती. तेव्हा मी वेगळा डाव टाकला. गुपचूप जाऊन परदेशात गाडी चालवायचा परवाना स्वतःच्या नावाने काढून आणला आणि पर्समध्ये, औषधांच्या पाकिटात ठेवून दिला. मनाशी म्हटलं, तिथे पोचल्यावर दमलेले असतील, तेव्हा सहज म्हणायचं, "द्या, थोडा वेळ मी घेते." थोडा वेळ म्हणत म्हणत आठ दिवस निभावून न्यायचे.

विमानात मला झोप लागली नाही. फ्रँकफर्टला सकाळी उतरलो तेव्हा पाय सुजलेले, तोंड कडू झालेलं. विमानतळ म्हणजे एक अख्खं गाव आहे. भाड्याच्या गाड्यांच्या खुणा बघत आम्ही चालतोय चालतोय, सरकते जिने उतरतोय, पुन्हा चढतोय. बरोबर दोन मोठ्या बॅगा. आठ दिवसांसाठी एवढं काय, असं कोणी विचारेल, तर एका बॅगेत चिवडा, भाजणी, मेतकूट आणि भाताचा छोटा कुकर होता. ह्यांना दोन दिवसांवर पाव चालत नाही आणि ते कबूलही करत नाहीत.

काउंटरवरच्या मुलीने हसून ह्यांचं लायसन्स घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, गाडी चालवणारे तुम्ही एकटेच का. हे म्हणाले, एकटाच. मी पर्समध्ये हात घालून म्हटलं, "माझंही नाव घालू या ना. असू दे, लागलं तर."

"कशाला? तुला जमणार नाही," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "गाडी गिअरची आहे."

मला आधी वाटलं, चुकून झालं असेल. युरोपात गाडी मागितली की पुष्कळदा गिअरचीच देतात, हे मी ऐकून होते. मी त्या मुलीला म्हटलं, आम्हाला ऑटोमॅटिक हवी, अमेरिकेत सगळे तीच चालवतात. तिने पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, साहेबांनी मुद्दाम हीच निवडली आहे. हे सह्या करत राहिले. मला गिअरची गाडी कधीच आली नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी परवाना काढला तर ह्यांनी गाडीच अशी घेतली की त्या परवान्याचा उपयोग नको. शेरास सव्वाशेर. पर्समधला हात मी तसाच बाहेर काढला.

"अहो, तुम्ही गिअर कधी टाकला होता शेवटचा?" मी जाता जाता विचारलं.

"नागपूरला काकांची जीप होती. त्या जीपवर शिकलोय मी. ते विसरत नाही माणूस."

गाडी विमानतळाच्या पार्किंगच्या इमारतीत, वरच्या कुठल्या तरी मजल्यावर उभी होती. छोटी, राखाडी. डिकीत एकच बॅग मावली, दुसरी मागच्या सीटवर आडवी टाकली. मी पट्टा लावला आणि देवाचं नाव घेतलं.

पहिली अडचण रिव्हर्सची. कसाही दांडा हलवला तरी गाडी मागे जाण्याऐवजी समोरच्या भिंतीकडे सरके. शेवटी दांड्याखालची एक कडी वर ओढायची असते हे सापडलं आणि आम्ही जागेवरून निघालो. दुसरी अडचण ह्यांच्याही ध्यानीमनी आली नव्हती. नागपूरच्या जीपमध्ये चालवणारा उजवीकडे बसतो आणि गिअर त्याच्या डाव्या हाताला असतो. अमेरिकेत हे डावीकडे बसायला शिकले, पण तिथे गिअर टाकायचाच नव्हता. इथे बसायचं डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला. ह्यांचे पाय क्लच विसरले नव्हते, पण गिअरची विद्या सगळी डाव्या हातात होती. क्लच दाबला की डावा हात झपकन खाली जायचा आणि दारावर आपटायचा. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. एकदा तर काचेचं बटण दाबलं गेलं आणि काच खाली गेली. एरवी मी हसले असते. तेव्हा मला फक्त कुठे तरी आडवं व्हायचं होतं.

"अहो, उजवा हात," मी म्हणायची.

"कळतंय मला," हे म्हणायचे, आणि हात पुन्हा दारावर.

अशा रीतीने युरोप बघायला निघालेले आम्ही त्या इमारतीचे मजले बघत होतो. खाली जायचा रस्ता सापडेना, एकाच मजल्यावर फिरून फिरून तेच खांब. आमच्या मागे एक गाडी लागली होती. तिने एकदाही हॉर्न दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, निदान ह्यांना कोणावर तरी चिडता आलं असतं.

एका वळणावर डावीकडच्या खांबामागून एक कुटुंब आलं. पुढे बाई ट्रॉली ढकलत होती, ट्रॉलीवर बॅगा आणि बॅगांवर एक छोटी मुलगी. मला ते स्वच्छ दिसलं. ह्यांना दिसत असणार असं धरून मी क्षणभर थांबले. गाडी थांबेना. मी ह्यांचा दंड धरून ओरडले. ह्यांनी दचकून दोन्ही पाय उचलले, गाडीने एक गचका दिला आणि ती बंद पडली. ट्रॉली आमच्या बॉनेटपासून हातभर लांब होती. त्या बाईने आमच्याकडे पाहिलं, मुलीला खाली उतरवून कडेवर घेतलं आणि ट्रॉली ढकलत पलीकडे गेली. ऑटोमॅटिक असती तर गाडी अशी बंद पडली नसती. तो विचार तेव्हा आला आणि अजूनही येतो.

मागची गाडी वळसा घालून पुढे निघून गेली. हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते.

"मला ती दिसली नाही," म्हणाले.

"नवी गाडी, नवी जागा. होतं असं गडबडीत." इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून सारवासारव निघाली.

"गडबड नाही. मला बाजूचं दिसत नाही. डावीकडचं तर फारच कमी. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाली, जे गेलंय ते परत येणार नाही. आहे तेवढं राखायचं."

"कधी म्हणाली?"

"झाले काही महिने."

"आणि ते रात्रीचे ड्रॉप्स? डोळे कोरडे पडतात म्हणून?"

"त्याचेच आहेत."

मला इतका राग आला की कान गरम झाले. "आणि तुम्ही लोकांची पोरं आणता एअरपोर्टवरून? त्यांच्या आया तिकडे डोळे लावून बसलेल्या असतात. एखाद्या पोराला काही झालं असतं तर काय तोंड दाखवलं असतं तुम्ही?"

"हळू चालवतो मी."

"टपालपेटी पण हळूच पाडलीत."

एवढं लागेल असं बोलल्यावर एरवी घरात दोन दिवस अबोला झाला असता. त्या दिवशी मात्र हे खालच्या आवाजात म्हणाले, "घरी गेल्यावर सोडणारच होतो. ऑगस्टच्या आत. फक्त हे आठ दिवस हवे होते. ऑटोमॅटिक घेतली असती तर पहिल्याच वळणावर तू म्हणाली असतीस, द्या इकडे. आणि मी दिली असती. म्हणून गिअरची घेतली. ती मागायचा प्रश्नच नको."

माझा राग कुठे गेला कोण जाणे. ह्या माणसाला जवळ घ्यावं असंही वाटलं आणि दार उघडून सरळ परतीच्या विमानात जाऊन बसावं असंही वाटलं. मला सगळ्यात वाईट ह्याचं वाटलं, की हे इतके महिने सगळं एकट्याने वागवत होते आणि मी शेजारच्या उशीवर झोपत होते.

पण गाडी रस्त्याच्या मध्ये उभी होती आणि मला ती हलवता येत नव्हती. तेव्हा मी उतरले. गाडीच्या डाव्या अंगाने, पुढच्या चाकाच्या जरा पुढे, मी चालत राहिले आणि हे पहिल्या गिअरमध्ये माझ्या चालीने गाडी आणू लागले. कोपरा आला की मी हात वर करायची, हे थांबायचे. कोणी येत नाही हे पाहून मी हात हलवायची, मग पुन्हा निघायचे. लोक बघत होते. बघू देत म्हटलं. जिथून निघालो होतो त्याच रिकाम्या जागेत आम्ही गाडी परत लावली. माझ्या पायांचे गोळे दुखत होते.

काउंटरवर तीच मुलगी होती. मी ऑटोमॅटिक मागितली, नाव माझं घालायला सांगितलं आणि औषधांच्या पाकिटातून परवाना काढून तिच्यापुढे ठेवला. ह्यांनी तो बघितला.

"हा कधी काढलास?"

"तुम्ही गिअरची गाडी बुक केलीत ना, त्याच सुमाराला."

हे हसले. मीही हसले, पण दोघांनाही ते फार वेळ जमलं नाही. मुलगी दुसरी चावी आणायला आत गेली आणि आम्ही बॅगांवर हात ठेवून उभे राहिलो.

सहल झाली. ऱ्हाइन पाहिली, द्राक्षांच्या उतरणी पाहिल्या, प्रत्येक डोंगरावर एक किल्ला होता तो खालून पाहिला. ब्लॅक फॉरेस्टची वळणं मी घेतली. हे शेजारी बसून फोनवर रस्ता बघायचे आणि वळण गेल्यावर सांगायचे. मी चिडले नाही, पुढे जाऊन गाडी वळवून आणायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, एका सरळ रस्त्यावर, हे झोपी गेले. मी चालवत असताना ह्यांना झोप लागलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र फार एकटं वाटलं, आणि मी रेडिओ लावला नाही.

घरी आल्यावर मुलाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फायनली. गुड फॉर एव्हरीवन." बरोबरच बोलला तो, पण त्याचं ते 'फायनली' मला खुपलं. मी म्हटलं, नंतर बोलू, आणि फोन ठेवला.

ह्यांनी चावी स्वतःहून माझ्या पर्समध्ये टाकली, त्याबद्दल भाषण नाही, तक्रार नाही. मी भाजीला निघाले की बरोबर यायचे. कधी मीच कंटाळलेली असायची, तेव्हा तेही घरी राहायचे. दुपारी खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघायचे. माझ्यावर कामं वाढली होती: ह्यांचा डॉक्टर, ह्यांचे मित्र, ह्यांचं वाचनालय, सगळीकडे मीच नेणार. मी दमत होते आणि दमले म्हणायची सोय नव्हती.

मग ऑगस्ट आला. एका सकाळी चहा चालू असताना ह्यांचा फोन वाजला. ह्यांना फोन स्पीकरवर टाकायची सवय आहे, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. सांगलीहून एक बाई बोलत होत्या. आवाजात संकोच होता. त्यांची लेक पहिल्यांदाच एवढ्या लांब यायची होती.

"मुलीच्या सीनियरने हा नंबर दिला बघा. तिकडं एक काका आहेत म्हणे, गाडी घेऊन एअरपोर्टवर येतात मुलांना न्यायला. ते काका आहेत का?"

ह्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता हे म्हणतील, मीच बोलतोय. ह्यांनी टेबलावर उमटलेलं चहाचं कडं बोटाने पुसलं.

"ते आता गाडी चालवत नाहीत," हे म्हणाले.

"अगंबाई. बरं नाही का त्यांना?"

"बरे आहेत."

"मग आपण कोण बोलताय?"

हे माझ्याकडे बघत राहिले. पलीकडे बाई दोनदा हॅलो म्हणाल्या. मी हात पुढे केला, ह्यांनी फोन दिला. मी म्हटलं, "मी काकू बोलतेय. काळजी करू नका, तुमच्या लेकीला मी आणते. फ्लाइट कुठलं आहे तेवढं सांगा." त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. बाईंच्या जिवात जीव आला. फोन ठेवण्याआधी म्हणाल्या, "काकांना माझा नमस्कार सांगा हं. पोरं फार नाव काढतात त्यांचं इकडे."

"सांगते," मी म्हटलं. फोन अजून स्पीकरवरच होता.